मदत हवी आहे: आईसाठी रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी

नमस्कार मंडळी. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे लीड्सला आली आहे. इंग्रजी पेपर सहज वाचते, पण इथलं बोलणं डोक्यावरून जातं. शेजारीण जाताजाता 'यू ऑलराइट?' म्हणाली, तर आईने गुडघेदुखीची अख्खी कथा ऐकवली! ते नुसतं 'काय, कसं काय' असतं, हे सांगायचं मलाच सुचलं नव्हतं. परवा 'टी'ला बोलावलं म्हणून ही घरून जेवून गेली, तर तिथे ताटं मांडलेली. उत्तर इंग्लंडात रात्रीच्या जेवणालाही 'टी'च म्हणतात. 'चीअर्स' म्हणजे थँक यू, हे तर अजून पचलेलं नाही.

व्याकरणाची पुस्तकं नकोत, ती तिला पाठ आहेत. असे बोलीतले शब्द मराठीतून समजावणारं, शक्यतो ऐकण्याजोगं काही आहे का? तुमचे आईबाबा कसे शिकले?