मदत हवी आहे: विमानाचं इंजिन बंद पडलं तर नागपूरच्या आसपास कोणतं वावर उतरायला बरं?

नमस्कार. मी नागपुरात वैमानिकाचं प्रशिक्षण घेते आहे. विमान सेसना १५२, दोन सीटचं, एका इंजिनाचं. माझा प्रश्न वैमानिकांपेक्षा शेतकऱ्यांना जास्त आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीतल्या एका प्रशिक्षणार्थीच्या विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं. सोबत प्रशिक्षक होते. त्यांनी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, हिरवंगार सपाट शेत निवडलं, विमान अलगद टेकवलंही. पण तो हरभरा होता आणि त्याला नुकतंच स्प्रिंकलरनं पाणी दिलेलं होतं. काळ्या मातीत पुढचं चाक रुतलं, शेपूट वर उचललं गेलं, पंख्याची पाती वाकली. दोघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले, हे मोठं नशीब. तेव्हापासून खाली बघताना मला नुसते हिरवे-तपकिरी चौकोन दिसतात. त्यातलं कोणतं घट्ट आणि कोणतं ओलं हे कळत नाही, आणि याची मला फार काळजी वाटते.

इंजिन बंद पडल्यावर कार्ब्युरेटर हीट, इंधनाची कळ, मिक्स्चर, मॅग्नेटो हे आम्ही पाठ केलेलं असतं. ते विचारत नाही. पण वेळ किती मिळतो तेवढं सांगते. इंजिनाशिवाय तरंगत उतरण्यासाठी या विमानाचा सर्वांत चांगला वेग ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. वारा नसेल तर हजार फूट उंचीमागे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जाता येतं. नागपूर मुळातच समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, म्हणून अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या काट्यावर) ३००० दिसत असले तरी खाली २०००च फूट असतात. हातात तीन मिनिटं. त्यातच इंजिन परत सुरू होतं का बघायचं, रेडिओवर मेडे (संकटाचा संदेश) द्यायचा आणि शेत निवडायचं. टेकताना वेग ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर असतो, त्यामुळे मध्ये धुरा (शेताचा बांध) आला तर काय होईल ते तुम्हीच समजू शकता.

वाऱ्याची दिशा कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्यांच्या धुरावरून कळते. तिथूनच उच्च दाबाच्या लाइनी निघतात. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून टॉवर शोधायचे, हेही ठरलेलं. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा नकोत, मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्या नकोत. अडतं ते बाकीच्या वावरांत. सोयाबीन निघाल्यावर तूर उभीच असते का? नांगरलेलं आणि वखरलेलं वरून कसं ओळखायचं? ओल कशी दिसते? कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी काटोलकडचा. संत्रा, कापूस, सोयाबीन सगळंच घेतो. हिरव्या रंगावर जाऊ नका, जमिनीचा उतार पहा. नाल्याच्या काठचं वावर काळं अन् भारी राहते, थंडीतही ओल धरून ठेवते. तिथून वरच्या अंगाला जमीन फिक्कट होत जाते, ते बरड. माती कमी, मुरूम जास्त. गोटे राहतात, पण चाक रुतणार नाही.

हरभऱ्यात पाइप अन् ओलीचे गोल डाग दिसले का ते वावर सोडूनच द्या. सोयाबीन सोंगल्यावर (कापल्यावर) तुरीचे तास, म्हणजे ओळी, उभेच राहतात, डिसेंबर-जानेवारीपर्यंत, माणसाच्या उंचीचे. वरून पाहाल तर रिकाम्या वावरात हिरव्या रेघा मारल्यासारखे दिसतील. पाळीच आली तर तासाला धरून उतरा, आडवं नको. पऱ्हाटीचंही (कापसाच्या झाडांचंही) तेच, शेवटी शेवटी तिचं लाकूड होते. उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरात मोठाली ढेकळं राहतात, ते वरून खडबडीत दिसल. वखरलेलं एकसारखं दिसते पण भुसभुशीत राहते, त्यालाही भुलू नका. त्यापेक्षा गावाची ई-क्लास जमीन, जिथं ढोरं चरतात, ती घट्ट राहते. विहिरीवर मोटर असते म्हणजे विजेचा खांब आलाच, अन् त्याची तार कुठून तरी वावरावरूनच जाते. झटका मशीनची (जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार तर जमिनीला धरूनच राहते, ती तुम्हाला दिसणारच नाही. डुकरं अन् रोही (नीलगाय) यांच्यापायी आता बरेच जण लावतात.

एक सांगा, आमच्याच वावरात विमान उतरलं तर आम्ही काय करावं?

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दादा, मनापासून आभार. बरड आणि ई-क्लासबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. प्रशिक्षकांनाही हे दाखवणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं: आधी झटका मशीन बंद करा आणि ११२ ला फोन लावा. विमानाकडे मागच्या बाजूनं या. पंख्याला अजिबात हात लावू नका. इंजिन बंद असलं तरी मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) चालू राहिला असेल तर हातानं हलवलेला पंखा अचानक फिरू शकतो. इंधनाच्या टाक्या पंखांमध्ये असतात आणि ते पेट्रोलसारखंच भडकतं, म्हणून जवळपास बिडी-काडी पेटवू देऊ नका. आतल्या माणसांना काढायला जे हलवावं लागेल ते हलवा. बाकी विमान चौकशीची माणसं येईपर्यंत आहे तसंच राहू द्या. आणि गर्दी पीक तुडवायच्या आत फोटो काढून ठेवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. नुकसान चाकांपेक्षा बघ्यांनीच जास्त होतं.

हिंगणा, कळमेश्वर, उमरेड, भिवापूरकडच्या मंडळींना विनंती: टेकडीवरून काढलेला तुमच्या शिवाराचा फोटो असेल तर इथे टाका. सोबत गाव, महिना, पीक आणि जमीन काळी की बरड एवढं लिहा. पावसाळ्यातले फोटो सगळ्यांत आधी हवेत.