फीडबॅकचं कारण देऊन सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) प्राध्यापकाला थांबवता येतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी राहते कळव्याला आणि नवी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिकवत होते म्हणायला हवं. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली आहे, सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, अशी काढली. दर जूनला मुलाखत, नवं नेमणूकपत्र, एप्रिलअखेर ते संपलं की मे बिनपगारी.

यंदा मुलाखतीला बोलावलंच नाही. दोनदा विचारल्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचा फीडबॅक चांगला नाही."

तो फीडबॅक कसा घेतला ते सांगते. मार्चमध्ये ७५ टक्के हजेरीची यादी लागली. माझ्या विषयात अकरा जण कमी पडले होते आणि यादीवर सही माझी होती. त्यातला एक मुलगा महापे एमआयडीसीत रात्रपाळी करतो, त्याला सवलत मिळावी म्हणून मीच प्राचार्यांना लिहून दिलं होतं. बाकीच्यांसाठी "ॲडजस्ट करा" असा निरोप आला. मी केलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर लिंक आली आणि मुलांनी उभ्या उभ्या मोबाइलवर फॉर्म भरला. निकाल मला आजवर दाखवलेला नाही.

मुलांनी आम्हाला जाब विचारू नये असं मला अजिबात वाटत नाही. विचारलाच पाहिजे, फी भरतात ती. पण आमच्या विभागातल्या कायम असलेल्या मॅडमचा फॉर्म वाईट आला, तर त्यांना पत्र मिळेल, खुलासा करता येईल. मला साधा कागदही नाही. ज्याची नोकरी दर एप्रिलला संपते, तो हजेरी आणि मार्क यांच्याबाबतीत खरं कसं वागणार? मला हेच सलतंय, पगाराहूनही जास्त.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमनात कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत असं आहे. आमच्या विभागात चौघांपैकी तिघी सीएचबीवर.

फीडबॅकचा तक्ता मागायचा हक्क मला आहे का? दाद कुठे मागायची? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

ऐरोलीकर: ताई, २०१६च्या विद्यापीठ कायद्यात विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. सेवा संपवल्याचा आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. तुमची अडचण अशी की कॉलेज म्हणेल, आम्ही काढलं नाही, मुदत संपली. म्हणून आधी सेवाविषयक खटले चालवणारा वकील गाठा. सहाही नेमणूकपत्रं आणि विद्यापीठाची ॲप्रूव्हल असेल तर तीही बरोबर न्या. प्राचार्य जे तोंडी बोलले ते आजच ईमेलवर लिहून पाठवा, "आपण असं म्हणालात, कृपया लेखी द्यावं" एवढंच. रागाचा एक शब्द नको.

निवृत्त मास्तर: मी ३१ वर्षं शिकवलं. अनुदान घेणाऱ्या कॉलेजात जनमाहिती अधिकारी असतोच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. मुलांची नावं वगळून एकत्रित तक्ता, फॉर्म घेतल्याची तारीख आणि सर्वच शिक्षकांचे तक्ते मागा, नाहीतर तुलना कशी करणार? ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. शिवाय पनवेलला उच्च शिक्षण सहसंचालकांकडे निवेदन देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या.

आणखी एक. कायम शिक्षकांच्या बढतीत अध्यापनाचं मोजमाप घेतलेल्या तासांवरून होतं. नेमून दिलेल्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले तर शेरा 'चांगला'. तुमचे किती भरतात? डायरी आहे ना?

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. ईमेल आत्ताच पाठवला. डायरी आहे, रात्री बसून मोजलं. नेमलेल्या २१६ पैकी २०३ तास घेतलेत, म्हणजे जवळपास ९४ टक्के. फक्त विभागप्रमुखांच्या सह्या फेब्रुवारीपर्यंतच्याच आहेत, मार्चची पानं तशीच राहिली. सोमवारी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी सही नाकारली तर मस्टरची प्रत त्याऐवजी चालेल का, मास्तर?