शब्दचर्चा : उचल, बाकी आणि वेठ

प्रश्न (गोदाकाठ) : ‘वेठ’ आणि ‘बिगार’ यांत फरक काय? आणि उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे, घेतलेला प्रत्येक मजूर वेठबिगारच का?

शब्दवेडी : मूळ अर्थ एकच : सक्तीचं, बिनमोबदला काम. ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आली, ‘बिगार’ फारसीतून. ‘वेठबिगार’ हा धनदौलतसारखा जोडशब्द. गंमत म्हणजे महापालिकेतला ‘बिगारी’ पगारी असतो आणि नाक्यावरचाही रोजंदारी घेतो. बिगारीतला जुलूम गळून पडला, वेठीत तो राहिला. म्हणून संपात प्रवासी ‘वेठीस’ धरले जातात, बिगारीस नाही.

पेठकर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत येणाराही उचल घेतो. हिशेब फिटला आणि तो दुसरीकडे जाऊ शकला, तर ती नुसती आगाऊ मजुरी.

वीटभट्टीवर गाडं अडतं ते असं. समजा, जोडप्याची उचल ६०,०००. हजार विटांना ७०० रुपये, रोज ८०० विटा, म्हणजे दिवसाला ५६०. चोवीस आठवडे, आठवड्याला सहा दिवस : ८०,६४०. त्यातून आठवड्याची खावटी (खाण्यापिण्याचा खर्च) १,५०० प्रमाणे ३६,००० वजा. उरले ४४,६४०. म्हणजे १५,३६० ‘बाकी’, आणि तीही एकही खाडा न धरता. अवकाळीत भिजलेल्या कच्च्या विटा मोजल्या नाहीत, तर बाकी आणखी फुगते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या भट्टीवर जायचं नाही, असं ठरलं की वेठ सुरू. मालकाला खरा नफा इथेच : पुढच्या हंगामाचा मजूर आजच्याच दरात बांधला जातो.

गोदाकाठ : मग कायदा कुठली खूण पाहतो?

पेठकर : १९७६ च्या वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायद्यात कर्ज किंवा उचलीपायी चारांपैकी एक गोष्ट झाली तरी पुरे : किमान वेतनाहून कमी मजुरी, काम बदलायला बंदी, फिरायला बंदी, किंवा आपला माल बाजारभावाने विकायला बंदी. साखळदंड लागत नाही. वेठीचं कर्ज कायद्यानेच बुडालेलं असतं. एखादं कर्ज वेठीचं नव्हे, हे धनकोने सिद्ध करायचं.

शब्दवेडी : म्हणूनच सुटकेच्या अर्जातला शब्द जपून निवडावा. ‘मजुरी थकली’ एवढंच लिहिलं तर प्रकरण वेतनाचा वाद म्हणून जातं आणि बाकी डोक्यावर तशीच. उचलीची रक्कम, तारीख, दर, आधारकार्ड कोणाकडे, जाऊ कोण देत नाही, हे सगळं लिहून अर्ज प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठीतून सुटल्याचा सरकारी दाखला, मागून घ्यावं. पुनर्वसनाची दारं त्यावर उघडतात.

पेठकर : मुलांच्या बाबतीत ‘उचल’ हा शब्द वापरूच नये. २०२२ मध्ये इगतपुरी भागातली कातकरी मुलं थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे धाडल्याचं उघड झालं. मूल राखणीला ‘ठेवलं’ असं म्हणतात, पण सुटकेचा दिवस ठरलेला नसेल तर ते गहाण टाकलेलं असतं.