नवाहो वकील, राष्ट्राध्यक्ष, मग राज्यात आमदार: अल्बर्ट हेल यांची कारकीर्द कशी वाचायची?

फोर्टची_वाचक

एलएलएमच्या तुलनात्मक राज्यघटनेच्या पेपरसाठी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या अल्बर्ट हेल यांच्यावर टिपण करते आहे. आधी वकिली, १९९५ला नवाहो नेशनचे (नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचं स्वतःचं सरकार असलेला प्रदेश) राष्ट्राध्यक्ष, २००४पासून राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, आणि २०११पासून तिथल्याच खालच्या सभागृहात, हाउसमध्ये. आपल्याकडच्या सवयीने पाहिलं तर माणूस एकेक पायरी खाली उतरत गेला असं वाटतं. ते बरोबर आहे का? दुसरं म्हणजे, राज्याचे बरेच कायदे नवाहो जमिनीवर चालत नाहीत, मग नवाहो वकिलाने राजधानी फिनिक्सच्या विधिमंडळात बसून मिळवायचं काय? तुलनेसाठी पालघरची पेसा गावं (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेली) घ्यायचा विचार आहे.

सनदवाला

पायऱ्या हा शब्द टिपणातून काढूनच टाका. नवाहो नेशन, राज्य आणि केंद्र ही तीन वेगळी अधिकारक्षेत्रं आहेत, एकाखाली एक लावलेली नाहीत. कारकिर्दीतल्या प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारा: जमीन कुणाची, माणूस कोण, विषय कोणता? उत्तर बदललं की कोर्टही बदलतं.

हेल १९५०चे, गनाडोजवळच्या क्लागेटोचे. त्याच गनाडोतला खटला म्हणजे विल्यम्स विरुद्ध ली. तिथल्या बिगर-आदिवासी दुकानदाराने उधारीच्या वसुलीसाठी एका नवाहो जोडप्यावर राज्याच्या कोर्टात दावा लावला. १९५९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यवहार नवाहोंच्या राखीव प्रदेशात झाला, प्रतिवादी नवाहो आहेत, तेव्हा दावा नवाहो कोर्टातच चालेल. हेल यांची पिढी वकील झाली ती या निकालाच्या पायावर. त्यांनी १९७७मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे नवाहो नेशनचे सहायक महाधिवक्ता म्हणून काम केलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच टिपणांत सुटते. ॲरिझोनाची सनद असली म्हणून नवाहो कोर्टात उभं राहता येत नाही, त्यासाठी नवाहो नेशन बारची (तिथल्या वकिलांच्या संघटनेची) वेगळी परीक्षा असते. उलट तिथे कायद्याची पदवी नसलेले ॲडव्होकेटही ती परीक्षा देऊन काम करतात. त्यामुळे ‘वकील’ लिहिताना कुठल्या बारचे तेही लिहा.

राष्ट्राध्यक्षपदही जुनं नाही. पूर्वी चेअरमन असे. १९८९च्या सुधारणांनी कौन्सिल (नेशनचं विधिमंडळ) आणि कार्यकारी सत्ता वेगळी केली. पीटरसन झा पहिले राष्ट्राध्यक्ष, हेल दुसरे. निधीच्या वापरावरून आरोप झाले आणि फेब्रुवारी १९९८मध्ये हेल यांनी राजीनामा दिला. हे टिपणात स्पष्ट लिहा, टाळू नका.

गोरेगाव_पूर्व

सिनेटमधून हाउसमध्ये का गेले, याचं उत्तर मुदतीच्या मर्यादेत आहे. ॲरिझोनात एका सभागृहात दोन-दोन वर्षांच्या सलग चारच मुदती मिळतात, आणि अर्धवट मुदतही पूर्ण धरतात. हेल २००४मध्ये मधेच नेमले गेले, ती एक, पुढच्या तीन मिळून चार झाल्या. सभागृह बदललं की मोजणी नव्याने सुरू होते. तिथे ही चाल सर्रास दिसते.

आता मिळवायचं काय? सगळ्यात आधी कर. १९७३च्या मॅक्लानहन निकालाने राखीव प्रदेशात राहून तिथेच कमावणाऱ्या नवाहो व्यक्तीवर राज्याचा आयकर बसत नाही. पण तिथल्या बिगर-आदिवासी कंपनीवर नवाहो नेशनही कर लावू शकतं (केर-मॅगी, १९८५) आणि राज्यही (कॉटन पेट्रोलियम, १९८९). दोन कर भरावे लागतात म्हणून धंदा तिथे यायला कचरतो. नेशनने आपला कर सोडावा तर तिजोरी रिकामी राहते. राज्याने आपल्या वसुलीतला वाटा परत द्यावा हा मार्ग उरतो, आणि तो फिनिक्समध्ये कायदा करूनच निघतो. त्साईलीच्या दिने कॉलेजला विक्रीकरासारख्या राज्यकरातून वाटा मिळतो, तो असाच. राज्य महामार्ग आणि सार्वजनिक शाळांचा पैसाही तिथूनच. ट्रस्ट जमिनीवर (केंद्राने जमातीसाठी विश्वस्त म्हणून धरलेल्या) मालमत्ता कर नसल्याने शाळांना स्थानिक उत्पन्न जवळपास नसतं.

दुसरा मुद्दा मतदानाचा. ॲरिझोनातल्या आदिवासींना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४८च्या हॅरिसन विरुद्ध लव्हीन निकालाने. आपल्या विधानसभेत २८८पैकी २५ जागा अनुसूचित जमातींना राखीव आहेत, तिथे राखीव जागा नाहीत. सगळा भर मतदारसंघाच्या रेषेवर. त्यात ॲरिझोनातला नवाहो प्रदेश अपाची, नवाहो आणि कोकोनिनो अशा तीन काउंट्यांत (राज्याच्या जिल्ह्यांत) विभागलेला. नेशनच्या निवडणुकीत माणूस आपल्या चॅप्टरमध्ये (नेशनच्या स्थानिक घटकात) मत देतो, काउंटीची हद्द मात्र वेगळी. चुकीच्या केंद्रावर गेला की मत बाद होऊ शकतं. अनेक घरांना रस्त्याचा पत्ता नाही, टपाल पोस्टाच्या पेटीत येतं, त्यामुळे नोंदणी भलत्या केंद्रावर पडते. भरीला उन्हाळ्यात नवाहो प्रदेश घड्याळ एक तास पुढे करतो आणि उरलेलं ॲरिझोना करत नाही. उन्हाळ्यातल्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या) हा तास नडतो.

सनदवाला

पेसाशी तुलना जपून करा. जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामसभेचे अधिकार संसदेच्या १९९६च्या कायद्यातून आणि राज्याच्या २०१४च्या नियमांतून आलेत. तिथला वाद शेवटी फोर्टातल्या उच्च न्यायालयातच येतो. नवाहोंची सत्ता अमेरिकेने दिलेली नाही. ती आधीपासूनची, १८६८च्या तहाने मान्य झालेली. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती छाटू शकते, राज्य आपणहून नाही. स्वतःची कोर्टं हा मुद्दा हवा असेल तर आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या स्वायत्त जिल्हा परिषदा घ्या, मेघालयातल्या खासी हिल्सची घ्या. मुंबईतल्या आरेचे आदिवासी पाडे तर अनुसूचित क्षेत्रातच नाहीत, तिथे पेसा लागूच होत नाही.

तहाची ताकदही फुगवू नका. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की त्या तहामुळे नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन केंद्रावर येत नाही.

फोर्टची_वाचक

मनापासून आभार. पेसाऐवजी खासी हिल्स घेते. हेल यांची विधेयकं कशी शोधू?

गोरेगाव_पूर्व

ॲरिझोना विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधिमंडळाचा क्रमांक (दर दोन वर्षांच्या मुदतीला एक) निवडा. सिनेटसाठी ४६वं ते ४९वं, हाउससाठी ५०वं ते ५२वं. सिनेटच्या विधेयकांचे क्रमांक १००१पासून, हाउसच्या २००१पासून. मुख्य प्रस्तावक आणि सहप्रस्तावक वेगळे काढा, नाहीतर दुसऱ्यांची विधेयकं हेल यांच्या नावावर जमा होतील. मंजूर झालेली शोधताना राज्यपालांचा नकाराधिकार तपासायचा राहू देऊ नका.