प्रोग्रामरच्या मशीनवर अँटिव्हायरसला किती मोकळीक द्यायची? तिघांची चर्चा

अर्धविराम

परवा सी++मध्ये एक छोटं टूल लिहीत होतो. एका फोल्डरवर लक्ष ठेवायचं आणि बदललेल्या फाइली दुसरीकडे कॉपी करायच्या, एवढंच त्याचं काम. बिल्ड झालं, म्हणजे कोडचा चालू शकणारा प्रोग्रॅम तयार झाला, असं कंपायलर सांगतोय आणि फोल्डरमध्ये त्या प्रोग्रॅमच्या फाइलीचा, एक्झीचा, पत्ता नाही. दीड तास बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधली. शेवटी फोल्डर उघडा ठेवून पुन्हा बिल्ड केलं, तर फाइल आली, क्षणभर दिसली आणि डोळ्यांदेखत नाहीशी झाली. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागेत, माझ्या एक्झीच्या सात प्रती ओळीने पडल्या होत्या.

असं का होतं तेही कळतं. फाइल नवी कोरी, डिजिटल सही नाही, आधी कुठल्याच मशीनवर कुणी पाहिलेली नाही. अशा फाइलीकडे संशयाने बघायला अँटिव्हायरस शिकलेला असतो. पण अनोळखी एक्झी तयार करणं हेच तर माझं काम आहे, आणि तेही दिवसातून पन्नास वेळा. कोड बदलून केलेल्या प्रत्येक बिल्डचा हॅश, म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसा, वेगळा, त्यामुळे फाइलीची पत कधी वाढतच नाही. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तर 'माझा प्रोग्रॅम व्हायरस आहे असं अँटिव्हायरस का म्हणतो' हा प्रश्न उत्तरासकट दिलेला आहे, इतकं हे नित्याचं आहे.

शिवाय वेग. फाइल उघडली की आधी स्कॅन, मग ती हातात. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमधल्या नोड मॉड्यूल्स फोल्डरात, म्हणजे इतरांची तयार पॅकेजेस येऊन पडतात तिथे, हजारोंनी बारीक फाइली असतात. प्रत्येकीला हा थांबा.

माझं म्हणणं सरळ आहे. सोर्स, पॅकेजेस आणि बिल्डचे फोल्डर स्कॅनमधून वगळावेत, आणि त्यासाठी प्रोग्रामरला कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागू नयेत.

राखणदार

मी सुरक्षेचं काम बघतो आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. तुमच्या सात प्रती गेल्या याचं वाईट वाटतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

२००९ साली इंडक नावाचा व्हायरस सापडला. तो डेल्फी हे प्रोग्रॅम लिहायचं साधन असलेलं मशीन शोधायचा आणि डेल्फीच्या लायब्ररीतली एक फाइल बदलून टाकायचा. त्यानंतर त्या मशीनवर कंपाईल होणारा प्रत्येक प्रोग्रॅम जन्मतःच बाधित. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिला, कंपाईल केला, गिऱ्हाइकाला दिला, आणि सोबत व्हायरसही दिला.

ऑक्टोबर २०२१मध्ये यूए-पार्सर-जेएस या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या लेखकाचं एनपीएम या पॅकेज-भांडारातलं खातं चोरांच्या हाती गेलं. लक्षावधी वेळा उतरवून घेतलं जाणारं पॅकेज. त्यांनी घातलेली स्क्रिप्ट इन्स्टॉल करतानाच चालायची, क्रिप्टो मायनर (दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्रॅम) बसवायची आणि विंडोजवर पासवर्डही चोरायची. ती येऊन पडायची कुठे? तुम्ही वगळा म्हणताय त्याच नोड मॉड्यूल्समध्ये. तो फोल्डर तुमच्या मशीनवर आहे म्हणून तो कोड तुमचा होत नाही. शेकडो परक्या लोकांनी लिहिलेला कोड आहे तो. आणि सर्व्हरच्या किल्ल्या, सही करायची सर्टिफिकेटं हे सगळंही प्रोग्रामरच्याच मशीनवर असतं.

अर्धविराम

इंडकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो ओळखू येईपर्यंत कितीतरी प्रोग्रॅममधून पसरून झाला होता. अँटिव्हायरस तेव्हाही मशीनवर होतेच.

आणि राखणदारच घर पाडतो त्याचं काय? एप्रिल २०१०मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि मशीनं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने बंद पाडलेली विंडोज मशीनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख होती. इतक्या खोलवर बसलेल्या सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि माझ्या शंभर ओळींवर मात्र नाही?

पहाटवारा

तुम्ही दोघं फाइलींवरून भांडताय. मला त्याहून मोठा धोका दुसरीकडे दिसतो.

काही अँटिव्हायरस एचटीटीपीएसचं, म्हणजे वेबसाइटशी होणारं कुलूपबंद, बोलणं मध्येच उघडून तपासतात. त्यासाठी ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ओळख पटवणारा मूळ दाखला, विंडोजच्या विश्वासू दाखल्यांच्या यादीत घालतात, म्हणून ब्राउझर तक्रार करत नाही. पण नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम), पायथनमधली काही साधनं आणि बऱ्याचदा गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) हेही स्वतःची वेगळी यादी बाळगतात. मग पॅकेज घ्यायला गेलं की सर्टिफिकेटची एरर येते. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने नेटवर पहिलं दिसलं ते उत्तर उचललं आणि एनपीएमची तपासणीच बंद केली. सेटिंगची ती एक ओळ रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, गेली, तिथून आमच्या सगळ्यांच्या मशीनवर आली, आणि माझ्या नजरेस पडेपर्यंत चार महिने तशीच राहिली. चार महिने आम्ही समोर कोण आहे हे न बघता पॅकेजेस घेत होतो.

मुलाला मी दोष देत नाही. काम अडलं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. अशा वेळी नोडला 'एक्स्ट्रा सीए सर्ट्स'च्या व्हेरिएबलमधून ते रूट सर्टिफिकेट द्यावं. गिटला एसचॅनल हा विंडोजचाच भाग वापरायला सांगावं, म्हणजे ते विंडोजचीच यादी बघतं. हे दोन वाक्यांत आयटीवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

राखणदार

पहाटवारा, ही चूक आमच्या बाजूची आहे. मान्य.

पण अर्धविराम, एक विचारतो. तुम्ही फोल्डर वगळलेत की प्रोसेस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम? विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये नोडची एक्झी प्रोसेस म्हणून वगळली, तर नोड ज्या ज्या फाइली उघडेल त्या कुठल्याही फोल्डरात असोत, त्या वेळी तपासल्या जात नाहीत. म्हणजे एखाद्या पॅकेजमधली वाईट स्क्रिप्ट नोडमधून चालली की तिला रान मोकळं. वेगाचंच दुखणं असेल तर विंडोज ११मध्ये २०२३पासून डेव्ह ड्राइव्ह ही प्रोग्रामरांसाठीची वेगळी ड्राइव्ह आहे. किमान ५० जीबी जागा लागते. त्यावर डिफेंडर फाइल अडवून धरत नाही, उघडू देतो आणि स्कॅन मागाहून करतो.

अर्धविराम

आत्ता जाऊन बघितलं. नोड प्रोसेस म्हणूनच वगळलेलं होतं, दोन वर्षांपासून. काढून टाकलं. याचा अर्थ मला खरंच माहीत नव्हता. पॅकेजेसचा फोल्डर वगळायचा आग्रहही सोडतो, डेव्ह ड्राइव्ह करून बघतो.

बिल्डच्या फोल्डरवर मात्र मी ठाम आहे. तिथे माझ्या कंपायलरने केलेली फाइल येते. त्या एका फोल्डरच्या सुटीसाठी आयटीकडे तिकीट, म्हणजे विनंती, टाकलं, त्याला आज चौथा दिवस. तोवर मी माझंच टूल डीबग करू शकत नाही.

राखणदार

चार दिवस जास्तच झाले. माझ्याकडे असं तिकीट आलं असतं तर त्या एका फोल्डरपुरती सूट मी त्याच दिवशी दिली असती. पण तिकीट लागलंच असतं. कुठल्या मशीनवर काय वगळलंय याची नोंद माझ्याकडे हवी, आणि तुमचं दोन वर्षांचं नोड बघून तर ती हवीच असं वाटतं.

अर्धविराम

नोंद ठेवा. मी वगळतो, तुम्हाला त्याच क्षणी कळू दे, पटलं नाही तर काढून टाका. परवानगी आधी आणि काम नंतर हा क्रम मला अजूनही मान्य नाही.