नदीतला मासा की तळ्यातला? गळ टाकणाऱ्यांनो, अनुभव लिहा

मुठेकाठचा

दिवाळीनंतर पाणी निवळलं की आमच्या टोळक्यात तेच भांडण सुरू होतं. निम्म्यांना घाटाखालची नदी हवी असते, निम्म्यांना बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलेलं तळं. नदीवाले रिकाम्या हाताने परततात आणि वर तत्त्वज्ञान ऐकवतात. तळंवाले कटल्याचे फोटो टाकतात, पण तो विकतचा की गळाचा हे सांगत नाहीत. म्हणून हा धागा.

पुणेकरांसाठी एक चिमटा: दख्खनच्या महाशीराचं, म्हणजे आपल्या खडशीचं, पहिलं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्या पाण्यात पाय बुडवायचीही इच्छा होत नाही.

कुठे गेलात, काय लागलं, परवानगी कोणाकडे मागितली, पुन्हा जाल का, एवढं लिहा. सुटलेला मासा केवढा होता तेही लिहा, विश्वास ठेवण्याचं बंधन कोणावर नाही.

वेळवंडीकर

माझं मत नदीला, आणि तिथे बहुतेक वेळा काही मिळत नाही हे धरूनच. भाटघरच्या वरच्या अंगाला वेळवंडी खडकांतून येते, तिथे बसणं झालं. धरणाच्या फुगवट्यात मासा कुठेही असू शकतो. नदीत तो कुठे असेल हे पाण्याकडे बघून ताडावं लागतं. खळखळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी, मोठ्या दगडाच्या आडोशाला, उंबराची फांदी पाण्यावर आलेली असेल तर तिच्याखाली. उंबरं पिकून पाण्यात पडायला लागली की दुसरा चारा शोधायची गरज नसते.

मिळतं काय, तर मळ्या, वाम, कधी शिंगाळा. खडस लागली तर ती दिसायच्या आधी कळते. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सरळ खडकाखाली जातो आणि तुमच्या हातात फक्त रीळ फिरत राहते. खडस सोडायचीच हा आमचा नेम. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकतो, हात ओले करून धरतो आणि तोंड प्रवाहाकडे करून सोडतो. कोरड्या हातांनी धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग मासा जगेलच असं नाही.

एक अट. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जाऊ नका. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन ते वर निघालेले असतात. गावात वलगणीचं, म्हणजे याच चढणीच्या माशांचं, कौतुक मोठं असतं हे मान्य, चवही मान्य, तरीही.

चिपळूणची माहेरवाशीण

आमच्याकडे गरवायला, म्हणजे गळ टाकायला, जाणं म्हणजे वाशिष्ठी नदी. बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी सह्याद्री ओलांडून वाशिष्ठीत येतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही नदी वाहती असते, आणि वीजनिर्मिती वाढली की पाणीही वाढतं. ज्या कातळावर कोरड्या पायांनी गेलात त्यावरून परत येताना गुडघाभर पाणी लागू शकतं. खालच्या बाजूला भरती-ओहोटी वेगळीच. जोडीला मगरी. काठावरच्या चिखलात ऊन खात पडलेल्या दिसतात, म्हणून संध्याकाळी पाण्यात उतरून गरी टाकायची नाही, उंच दरडीवरूनच.

माझे बाबा ही सगळी गणितं तोंडपाठ असल्यासारखे करायचे. मी मुलांना घेऊन जाते तेव्हा सरळ तळं गाठते. नदीवर एक डोळा तंगूसवर आणि दोन डोळे मुलांवर ठेवावे लागतात, एवढे डोळे मला नाहीत.

पवईचा सभासद

ताई, मगरी आमच्या पवईतही आहेत, त्यामुळे तळं म्हटलं की निर्धास्त असं नाही! हा तलाव 1891 चा, पिण्यासाठी बांधलेला, पाणी पिण्याजोगं राहिलं नाही म्हणून मासेमाऱ्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन इथलीच. सभासदत्व, नियम, मचाणावर आपापली जागा, सगळं शिस्तीत. कटला, रोहू. जलपर्णी पसरली की मात्र गळ पाण्याऐवजी हिरवळीवर पडतो. ऑफिसच्या आधी दोन तास मासेमारी मुंबईत आणखी कुठे होते सांगा.

मामा तलाव

मी गोंदिया जिल्ह्यातला, ढीवर समाजाचा. तुम्ही सहल म्हणता ते आमच्या घरचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तळ्यातला मासा आपोआप येत नाही. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज नद्यांमधूनच गोळा करून आणत. 10 जुलै 1957 ला ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि तिथून बीज हॅचरीत तयार होऊ लागलं. आता आमची मच्छीमारांची संस्था ठेक्याने तलाव घेते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणते, सोडते, वर्षभर राखण करते. तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून कोणी गळ टाकला तर तो आमच्या शेतातलं कणीस खुडण्यासारखं आहे. विचारलं तर नाही म्हणणारा सहसा भेटणार नाही. काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, काही ठिकाणी चहा पाजतात.

दुसरी गोष्ट, आमचे माजी मालगुजारी (मामा) तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले गावतलाव, म्हणजे नुसत्या बीज सोडलेल्या टाक्या नव्हेत. पावसात नाल्यांवाटे गावठी मासा चढतो. मरळ, शिंगूर पाणवनस्पतींच्या आडोशाने वाढतात. त्यात गवत्या (ग्रास कार्प) मासा सोडला की तो वनस्पती फस्त करतो आणि गावठी माशाला घरच उरत नाही. काही गावांत आमच्या लोकांनी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. अशा तळ्यावर बसा. एका गळाला रोहू लागेल आणि दुसऱ्याला मरळ, मग ठरवा ते जंगली पाणी की पाळीव.

मुठेकाठचा

मामा तलाव, हे धाग्याच्या डोक्यावर लावायला हवं होतं. परवानगीचा मुद्दा आमच्या टोळक्याला छापून देतो.

पेनसिल्व्हेनियातून

इथे उलटा प्रकार. सरकारच बीज सोडतं, तेही खाण्याजोगा मासा करून. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ट्राउटचा हंगाम उघडतो. त्याआधी टँकर ओढ्यांवर आणि तळ्यांवर येऊन मासे ओतून गेलेले असतात. सोळा वर्षांपुढच्यांना परवाना, ट्राउटसाठी वेगळा परवाना, दिवसाला पाच मासे, सात इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात. सकाळी आठला काठावर खांद्याला खांदा लागतो. हॅचरीत गोळ्या खाऊन वाढलेला मासा डब्यातल्या मक्याच्या दाण्यालाही येतो. पर काँक्रीटला घासून झिजलेले असतात, त्यावरून ओळखू येतो.

वर डोंगरात ब्रूक ट्राउट आहे, इथला मूळचा. वीतभर, पोटाला नारिंगी झाक. त्याला तुमची सावली पडलेलीही चालत नाही. मी एकटा असलो तर तिकडे जातो. भारतातून आई-बाबा आले की तळं: बाबांना मासा लागतो, आईला तो तळायला मिळतो. हॅचरीचा ट्राउट जरा मिळमिळीत लागतो, पण आगळ आणि मसाला लावल्यावर कोण विचारतो!

तीर्थनला जाऊन आलेली

हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी गेले होते. बर्फाचं पाणी, देवदार, अगदी अस्सल रानटी नदी. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. पण हा ब्राउन ट्राउट युरोपातला. इंग्रजांनी त्यांच्या हौसेसाठी आणून सोडला. म्हणजे जिला मी जंगली नदी म्हणत होते तिच्यातला मासा शंभरेक वर्षांपूर्वीच्या बीजाचाच. आणि त्याच पाण्यातला मूळचा हिमट्राउट, ज्याला तिथे असला म्हणतात, त्याच्यासाठी कोणी मुंबईहून जात नाही.

वेळवंडीकर

याच मुद्द्यावर कावेरीचं उदाहरण आपल्या घराजवळून सुरू होतं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीराची पैदास होते. काम मोठं आहे, खडस टिकली त्यात त्याचा वाटा आहे. पण तिथलं बीज कर्नाटकात कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला, आणि तो दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात मिळत नाही. सोडलेली खडस तिथे फोफावली आणि कुबडवाला आटत गेला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. कारणं इतरही आहेत, सुरुंग लावून मासे मारणं, धरणं, वाळूउपसा. गंमत अशी की तो आटतोय हे कळलं ते गळवाल्यांच्या कॅम्पमधल्या नोंदवह्यांमुळे. मासा मोजून, वजन लिहून सोडायची पद्धत होती. म्हणून म्हणतो, नदीवर जा, पण वही घेऊन जा.

वाड्याची सून

वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत, महाडजवळ वाळणकोंडीत काळ नदीत, देवाचे मासे आहेत. तिथे गळ नाही, फक्त चुरमुरे. कोणी विचारायच्या आधीच सांगून ठेवते.

नवीनच

सातवीतल्या मुलाला पहिल्यांदा न्यायचं आहे, पुण्याजवळ. कर्जत-नेरळकडे पैसे भरून गळ टाकायची खासगी तळी आहेत म्हणतात, तिकडे जाऊ का?

वेळवंडीकर

जा, वाईट नाही, पण तिथे भुकेला मासा अर्ध्या तासात लागतो आणि मुलाला वाटतं मासेमारी अशीच असते. त्यापेक्षा उजनीच्या फुगवट्याला भिगवणकडे जा. बांबूची काठी, बारका गळ, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, गांडूळ. चिलापी (तिलापिया मासा) दिवसभर टोचत राहील, खाली-वर करणारा तरंगा बघण्यातच त्याचा वेळ जाईल, आणि चिलापी बाहेरून आलेली, कितीही धरलीत तरी उजनीला ती कमी पडायची नाही. आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. जाळी कुठे लावली आहेत ते तेच सांगतील, आणि बहुधा मुलाला होडीतही बसवतील. मुलाला लाइफ जॅकेट तुमचं न्या, त्यांच्याकडे नसतं.