नुकतीच दृष्टी गेलेल्या दादाला घरच्या घरी काय आणि कसं शिकवावं? सल्ला हवा

पानगळ
नमस्कार मंडळी. माझा दादा ४६ वर्षांचा आहे. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले. उपचार सगळे झाले, पण आता उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि डाव्याला फक्त उजेड-अंधार कळतो. यापुढे सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. प्रशिक्षण केंद्रात नाव घातलंय, पण नंबर लागायला वेळ आहे.

तोवर सगळं वहिनी करते. ब्रशवर पेस्ट लावून देते, कपडे काढून ठेवते, बाथरूमपर्यंत हाताला धरून नेते. दादा दिवसभर एकाच खुर्चीत बसून असतो. परवा मी पाण्याचा ग्लास हातात दिला तर हळूच म्हणाला, "एवढं तरी मला घेऊ द्या ना."

सुरुवात कुठून करू? स्वयंपाकघरात जाऊ द्यावं का? इन्सुलिन तो स्वतः घेऊ शकेल का? आणि वहिनीला न दुखवता हे कसं सांगू?

ठिपके
पानगळताई, माझी दृष्टी तिशीनंतर गेली, त्यामुळे ती खुर्ची मला चांगली माहीत आहे. सुरुवात कुठून करायची ते दादांनी तुम्हाला सांगितलंच आहे: पाणी. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्यापुढे हात पसरायचा त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो, ती आधी घ्या.

ग्लास कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा, म्हणजे सांडलं तरी पाणी ट्रेमध्येच राहतं. डाव्या हाताने ग्लास धरायचा आणि तर्जनीचं टोक काठावरून आत वळवायचं. जगची चोच ग्लासच्या काठाला टेकवायची आणि मगच जग तिरपा करायचा. बोटाला पाणी लागलं की थांबायचं. काही दिवसांनी बोटाची गरजही कमी होते, कारण ग्लास भरत येतो तसा आवाज वरच्या पट्टीत चढत जातो आणि हातातलं वजन वाढतं. गरम पेयात मात्र बोट घालायचं नाही. काठावर अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं, पातळी आली की ते वाजतं. ते नसेल तर कपाने गार पाणीच मोजून घ्यायचं आणि मग तेवढंच तापवायचं.

पेस्टसाठी त्यांची ट्यूब वेगळी ठेवा. ब्रशवर नेम धरत बसायची गरजच नाही. थोडी पेस्ट बोटावर किंवा थेट तोंडात घ्यायची, मग ब्रश.

एक विनंती. शिकवताना "इकडे", "तिकडे", "ते बघ तिथे" हे शब्द बंद करा. "तुझ्या उजव्या हाताला, एक वीत पुढे" असं सांगा. ताटातलं सांगायला घड्याळाचे आकडे वापरा, म्हणजे ताट हे घड्याळ समजून "भाजी तीनच्या जागी" असं. आणि त्यांचा हात पकडून वस्तूवर नेऊन ठेवू नका. तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि त्यांना तुमच्या हातावरून खाली वस्तूपर्यंत येऊ द्या. म्हणजे हात कुठे न्यायचा हे त्यांचं ते ठरवतात.

चालती_वाट
मी दृष्टी गेलेल्या प्रौढांना चालणं-फिरणं शिकवते. ठिपके यांच्या प्रतिसादाला +१, पण मधुमेह आहे म्हणून थोडी भर घालते.

बराच काळ मधुमेह असला की बोटांची आणि तळपायांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. ती डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर गरम-गार बोटाने ओळखणं धोक्याचं आहे, आणि घरातही अनवाणी चालायचं नाही. पायाला जखम झाली तर दिसणार नाही आणि दुखणारही नाही. रोज पाय कुणीतरी डोळ्यांनी बघायलाच हवेत. ही मदत घेण्यात काहीही कमीपणा नाही.

इन्सुलिन स्वतः घेणारे अंध लोक भरपूर आहेत. इन्सुलिनच्या पेनची (पेनसारख्या इंजेक्शनची) डोस ठरवायची कळ फिरवताना प्रत्येक टप्प्याला टिक असा आवाज होतो. पण नुसते टिक मोजून डोस ठरवू नका, असं बऱ्याच पेनांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. त्यामुळे हा भाग डॉक्टर किंवा नर्स यांच्यासमोर बसून शिका, आणि ते हो म्हणेपर्यंत डोस दुसऱ्याने बघायचा. दोन प्रकारचं इन्सुलिन असेल तर एका पेनला रबरबँड लावा. साखर तपासायला आकडा बोलून सांगणारं यंत्र मिळतं, ते आधी घ्या.

आता घर. दारं एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर बसते. कपाटांची दारंही तशीच. खुर्ची जागेवर सरकवायची. सामान हलवलं तर त्यांना तिथे नेऊन, हात लावून दाखवायचं.

हाताला धरून नेणं आजपासून बंद. त्यांनी तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुमचं अंग वळलं, खाली गेलं, थांबलं की त्यांना न सांगता कळतं. मागून ढकलणाऱ्या माणसाबरोबर चालताना पुढे काय आहे याचा पत्ताच लागत नाही. एकट्याने चालताना भिंतीला हाताची मागची बाजू लावायची, बोटं किंचित वळवून, म्हणजे चौकटीवर टोकं आपटत नाहीत. खाली वाकताना दुसरा हात कपाळासमोर आडवा.

काहीतरी पडलं तर लगेच वाकायचं नाही. आवाज थांबेपर्यंत उभं राहून ऐकायचं, मग सरळ गुडघ्यावर बसायचं आणि तळहाताने जमीन पट्ट्यापट्ट्याने चाचपायची. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढला पाहिजे.

निळी_वही
घरातल्या सगळ्यांनी एक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून राहावं असं सुचवेन. त्याशिवाय दादांचं दुःख समजणार नाही.

ठिपके
निळी_वही, तुमचा हेतू मनापासून पटतो, पण मला हे नको वाटतं. पट्टी बांधून एका दिवसात कळते ती पहिल्या दिवसाची भीती. सरावाने काय जमतं ते त्यात येतच नाही. मग पट्टी काढल्यावर माणूस म्हणतो, "बाप रे, हा कसा जगत असेल!" आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी जपायला लागतो. त्यापेक्षा एकच काम घ्या, समजा शर्टाच्या घडीत उलट-सुलट ओळखणं. वहिनींनी ते डोळे मिटून स्वतः करून बघावं, खूण सापडेपर्यंत. शिलाई, बटणांची पट्टी, मानेमागचं लेबल. सापडलेली खूण दादांना सांगायची. अशी पट्टी मी आनंदाने बांधायला सांगेन.

उंबरठा
माझ्या नवऱ्याची दृष्टी गेली तेव्हा मी तुमच्या वहिनीच्या जागी होते, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते. त्यांना "तू करतेस ते चुकतंय" असं कृपा करून सांगू नका. सगळं करून देणं ही त्या वेळी आपल्या हातात असलेली एकमेव गोष्ट असते. ती काढून घेतली तर उरतं काय?

आमच्याकडे उपयोगी पडलं ते असं. तो "मदत" हा शब्द म्हणेल तेव्हाच मी हात लावायचा, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं. त्याआधी मी खोलीत असले तरी बोलायचं नाही. मोजा उलटा घातला तरी नाही. फार अवघड जातं हो ते. त्याचा हात डबीच्या अगदी शेजारून जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि आपल्या तोंडात शब्द येऊन थांबलेले असतात. पण तिसऱ्या फेरीला डबी सापडते तेव्हा ती त्याने शोधलेली असते. पाणी सांडलं तर फडकंही त्यानेच घ्यायचं. पुसता येतं म्हटल्यावर सांडायची भीती निम्मी होते.

धोका असेल तिथे हा नियम नाही. तिथे "थांब" म्हणायचं, मोठ्याने, एकदाच. "अरे बापरे" म्हणून उपयोग नाही, त्याने काहीच कळत नाही.

आणि काही दिवस त्यांना काहीच करावंसं वाटणार नाही. शोक आहे तो, त्याला वेळ द्या. पण उदासी सतत राहिली, झोप-भूक गेली तर डॉक्टरांशी बोला. कधी कधी दृष्टी गेल्यावर समोर नसलेल्या आकृत्या, माणसं, नक्षी दिसायला लागतात. माणूस घाबरून कुणाला सांगत नाही. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात आणि ते वेड नव्हे. दादांना तुम्ही आपणहून विचारा.

पानगळ
खूप खूप आभार! उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "मदत हा शब्द मला चालेल." आकृत्यांचं विचारलं तर दादाला संध्याकाळी जाळी-जाळी दिसते म्हणे! कुणालाच बोलला नव्हता.

गॅसबद्दल कुणी सांगाल का? आणि फोन?

उंबरठा
गॅस आधी बंद अवस्थेत शिकवा. भांडं थंड बर्नरवर ठेवायचं, चारी बाजूंनी मध्यावर आहे ना ते हाताने बघायचं, आणि मगच पेटवायचं. पेटल्यावर भांड्याची जागा बदलायची नाही. सैल बाह्या नकोत. दांडा आत वळवलेला. उकळी, तळण, करपणं हे सगळं कानाला आणि नाकाला कळतं, पण ते ओळखायला आधी आपण शेजारी उभं राहून "हा आवाज ऐक" म्हणावं लागतं. दादांच्या बोटांची तपासणी होईपर्यंत मात्र थांबा.

ठिपके
फोनसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारी सोय, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, आधीपासून असते. बोट ठेवलं की नाव वाचतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते शिका, कारण चालू झाल्यावर तुमची नेहमीची बोटं चालत नाहीत आणि घरचे गोंधळतात. बोलण्याचा वेग सुरुवातीला अगदी कमी ठेवा. पहिला आठवडा फक्त फोन उचलणं आणि लावणं. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर मोफत आहे.

ब्रेलचं घाईने ठरवू नका. बोटांची संवेदना कमी असली तर पुस्तकं वाचणं जड जाईल, पण डब्यांवर एक-दोन अक्षरं ओळखण्यापुरतं ब्रेल तरीही जमू शकतं.

पानगळ
काठी केंद्रात जाईपर्यंत घेऊ नये ना? आणि डाव्या डोळ्याला उजेड कळतो त्याचा काही फायदा?

चालती_वाट
काठी आत्ताही घ्या. उभं राहिल्यावर निदान छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. आधार घ्यायची आखूड काठी वेगळी, तिने पुढचं कळत नाही. लांब काठीची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी बसवली आणि आजही तीच पायाभूत मानतात: डावं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकतं, उजवं पडताना डावीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. घरातल्या मोकळ्या जागेत एवढा ठेका बसवा. जिना आणि रस्ता मात्र प्रशिक्षकाबरोबरच.

उजेडाचा फायदा नक्की आहे. खिडकी कुठल्या बाजूला, दिवा चालू राहिला का, दार उघडं आहे का, हे त्यांना स्वतःला कळेल. सकाळी प्रत्येक खोलीत उभं राहून उजेड कुठून येतो ते त्यांनाच सांगायला लावा. फक्त काठीचा सराव करताना काही वेळ तो डोळा झाकून करा, नाहीतर सगळं लक्ष त्या उजेडाकडे जातं आणि हाताला काय सांगितलं जातंय ते निसटतं. डोळ्यावर ताण येत असेल किंवा डॉक्टरांनी झाकायला मनाई केली असेल तर हे सोडून द्या.